मागच्या खोलीपर्यंतची तार

६ जानेवारी २०२५, सोमवार

रोहितचा जर्मनीहून फोन आला. "बाबा, आपण घरात मेश लावून घेऊ."

मी म्हटले, "मेष तर तुझ्या आईची रास. ती लावायची कशी?"

तो पलीकडे इतका हसला की सूनबाई काय झाले म्हणून विचारायला आली. मेष नव्हे, मेश. म्हणजे जाळे. एक डबा पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक मागे सिंधूच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, खोलीत. तिघे एकमेकांचा हात धरून उभे राहणार आणि घरभर इंटरनेट खेळते ठेवणार. मग सिंधूच्या खोलीत कॅमेरा बसेल. तिच्या डाव्या हाताशी एक बटण राहील, तो हात अजून चालतो. तिने बटण दाबले की माझ्या फोनवर टिंग. मी कुठेही असलो तरी.

"मी कुठे असणार?" मी म्हटले. "मी इथेच असतो."

"म्हणूनच तर," रोहित म्हणाला.

सिंधूला अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षे होतील. तेव्हापासून सिडकोतल्या या घराबाहेर मी औषधाच्या दुकानापलीकडे गेलेलो नाही. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, मध्ये पाणी, औषध, पेज. एकतीस वर्षे एस.टी.त काढली. आधी कंडक्टर होतो, मग स्टँडवर वाहतूक नियंत्रक. माइकसमोर बसून सटाणा, कळवण, नांदगाव, पेठ, साऱ्या दिशांना गाड्या सोडल्या. आता मी एकटाच फलाटावर राहिलो आहे आणि माइक बंद आहे.

९ जानेवारी, गुरुवार

चांदवडहून गोटीरामचा फोन. आमच्या वर्गाचा मॉनिटर होता, अजून तसाच बोलतो.

"पुंज्या, नऊ फेब्रुवारी, रविवार. सत्तर सालच्या अकरावीचं संमेलन. शाळेतच. आपण बेचाळीस होतो, आता एकोणीस हायेत. त्यातले दोन उभे राहू शकत नाहीत. पुढच्या वर्षी कोण कोणाला फोन करील सांगता येत नाही, तेव्हा यंदा ये."

"घर सोडता येत नाही रे."

"मागच्या टायमालाबी हेच बोलला. गुरुजींची कविता कोण म्हणणार? मी? लोक उठून जातील."

गुरुजींनी ती स्वतः रचली होती. कोठे छापली नाही, फळ्यावर लिहिली आणि आमच्याकडून पाठ करून घेतली. सत्तरच्या गॅदरिंगला मी ती म्हणायला उभा राहिलो, दोन कडवी खणखणीत म्हटली आणि तिसऱ्याला अडकलो. गुरुजी पडद्याआडून ओठ हलवत होते, मला दिसत होते, ऐकू येत नव्हते. ते तिसरे कडवे अजून हुलकावणी देते. दुसरे मात्र झोपेतही येईल:

वाट म्हणाली, चल रे बाळा,
डोंगर म्हणतो, बस घटकाभर;
दोघांचेही ऐकत ऐकत
सरून गेला दिवस खरोखर.

सिंधूला रोज संध्याकाळी म्हणून दाखवतो. ती डोळे मिटून घेते. इतकी तल्लीन होऊन ऐकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

जायचे आहे. फार जायचे आहे. रोहितला कळवले, पाठव तुझे जाळे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सिंधूकडे एकच शब्द उरला आहे: जा. बाकीचे सगळे झटक्यात गेले. डॉक्टर म्हणाले होते, काही जणांचे असे होते, जो शब्द उरतो तोच ते सगळ्याला वापरतात. मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवली आहे. जाई: गजरा आणला, तिने हुंगलासुद्धा नाही. जायफळ: कॉफीत किसून दिले, प्यायली, पण पुन्हा "जा" म्हणालीच. जांभूळ. जास्वंद. जाऊबाई: त्यांना फोन लावून दिला, तोंड फिरवले. जाते: तिच्या माहेरी होते खरे.

आज रोहितचे खोके आले. तिळगूळ खाता खाता तिने खोक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "जा." मी थक्क झालो. जाळे! मला जे रोहितने समजावून सांगितल्यावर कळले ते तिला नुसते खोके पाहून कळले. यादीत लिहिले.

सकाळच्या कामाला येणाऱ्या भागीबाई लादी पुसत होत्या. त्या मूळच्या पेठकडच्या, बोलणे सरळसोट.

"बाबा, आजी तुमाला जा म्हणत्यात."

"कुठे जा?"

"ते मला काय ठावं. मला म्हणल्या का मी तर बाई घरी जाते."

दोघी हसल्या, सिंधू डाव्या बाजूने. साध्या माणसाला शब्दाचा पहिलाच अर्थ दिसतो. कवितेचा नाद नसला की असे होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

इंटरनेटवाला मनोज आला. सिन्नरचा, चाळिशीतला, मुलीच्या दहावीची काळजी करणारा. तीनही डबे टेबलावर मांडून त्याने विचारले, "काका, वायर की वायरलेस?"

मी म्हटले, "फरक काय?"

"वायरलेस म्हणजे डबे एकमेकांशी हवेतून बोलणार. भोक नाही, धूळ नाही, अर्ध्या तासात काम. पण मधला डबा एकाच तोंडानं ऐकतो आणि त्याच तोंडानं पुढं सांगतो. म्हणून मागच्या खोलीत पोचेस्तोवर निम्मंच उरतं. वायर टाकली तर कान वेगळा, तोंड वेगळं. पक्कं काम. पण दोन भिंती फोडाव्या लागतील."

"तुमच्या घरी असते तर काय केले असते?"

"वायर. विचारायचं कामच नाही."

मी वायरलेस म्हटले. सिंधूला धुळीचा त्रास होतो. शिवाय तार हा शब्दच माझ्या कानाला बरा लागत नाही. लहानपणी गल्लीत तारवाला शिरला की बायका हातातले काम टाकून दारात येत, आणि तो ज्या दारी थांबे तेथे रडे सुरू होई, मग तारेत काहीही असो. बिनतारी म्हटले की कसे मोकळे वाटते.

मधला डबा स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या फळीवर बसला. सिंधू माझ्या फोनच्या पडद्यावर दिसू लागली. बाजूच्या खोलीत असलेली बायको तळहातावर पाहून कसेसेच झाले.

२० जानेवारी, सोमवार

रंगीत तालीम. सिंधूला शिकवले, "मी हवा असलो की एकदा दाब. एकदाच." तिने माझ्याकडे मास्तरांनी ढ मुलाकडे पाहावे तसे पाहिले. भागीबाईंना खोलीत बसवून मी निघालो.

औषधाच्या दुकानापुढे वडापावची गाडी आहे, तिच्यापुढे रिक्षा थांबा. तेथवर गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. कडुलिंब केवढा मोठा झाला आहे. तेवढ्यात खिशात वाजले: टिंग. एकच. मी आलो तसा उलटा पळालो, चप्पल हातात घेऊन.

सिंधू ठीक होती. मला दारात पाहून तिने डोळे वर केले आणि मान फिरवली.

"घंटी वाजली," मी धापा टाकत म्हटले.

"दोनदा दाबली आजींनी," भागीबाई म्हणाल्या. "मी इथंच बसलेली ना."

"एकच आली."

"आता तुमच्याकडं एक आली आसंल. हिथून दोन गेल्या."

बोट थरथरले असेल. ते काही मोठे नाही, पण तिला मी लागतो हे तर नक्की झाले. रिक्षा थांब्यापर्यंत गेलो तर ही गत, मग चांदवड चौसष्ट किलोमीटर.

२३ जानेवारी, गुरुवार

चित्र अडकते. सिंधूचा हात वर गेलेला असतो आणि तसाच राहतो, गुऱ्हाळाच्या कॅलेंडरवरच्या देवीसारखा. गोटीरामला कळवून टाकले, अवघड दिसते.

संध्याकाळी रोहित म्हणाला, "बाबा, सोमवारपर्यंत बरं चाललं होतं. मंगळवारपासून मधला डबा जवळजवळ बंदच आहे असं इथून दिसतंय. कोणी हलवला का?"

"धूळ पुसायला काढला होता. देव्हाऱ्यापाशी बरा दिसत नव्हता, म्हणून जरा आत सरकवला."

"आत म्हणजे?"

"फ्रीजच्या मागे."

मला वाटले, आता चित्राबरोबर आवाजही अडकला.

२६ जानेवारी, रविवार

डबा पुन्हा देव्हाऱ्यापाशी ठेवला. थोडे सुधारले, पण सिंधूच्या खोलीत अजून धड पोचत नाही.

दुपारी ती झोपली होती. महामार्गावरून एस.टी.चा भोंगा ऐकू आला. इतक्या वर्षांनीही भोंग्यावरून डेपो ओळखू येतो असे मी सांगत असतो. येत नाही, पण सांगायला आवडते.

आठवले. ऐंशी साल, मी नवा कंडक्टर, सिंधू नवी नवरी. माझ्याच गाडीत तिला चांदवडला नेत होतो. पिंपळगावला मी खाली उतरून टपावरच्या द्राक्षांच्या पाट्या मोजत होतो. एक घंटी थांब, दोन घंट्या चल, एवढे मीच तिला कौतुकाने शिकवले होते. तिने हात वर करून दोरी दोनदा ओढली. ड्रायव्हर गेणूभाऊंनी मागे न पाहता गाडी सोडली आणि कंडक्टर खाली. आख्खी गाडी हसत होती, मी मागून धावत होतो. फर्लांगभराने थांबली. चढलो तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "बघत होते, कसे पळता ते."

आता तिची कूस बदलायची वेळ झाली.

२८ जानेवारी, मंगळवार

मनोज पुन्हा आला. फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून, जमिनीतले पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखा फिरला. स्वयंपाकघरात ठीक. सिंधूच्या खोलीच्या उंबऱ्यात पाऊल टाकले की सगळे गळून पडते.

"काका, ही खोली मागनं बांधली का?"

"निवृत्त झाल्यावर. मी स्वतः उभे राहून बांधून घेतली."

"प्लास्टरमध्ये काय घातलंय?"

तेव्हा आठवले. पुढच्या खोलीला तडे गेले होते, म्हणून या खोलीला तडा म्हणून जायला नको, असे मी गवंड्याला बजावले होते. चारही भिंतींना आतून लोखंडी जाळी मारून वर गिलावा केला. छतालाही.

"चिकन मेश," मनोज म्हणाला.

"हो, गवंडीही तेच म्हणत असे. कोंबडीची जाळी."

"मग हवेतनं काय पोचणार, डोंबल? तुमच्या मेशला तुमचीच मेश आडवी आलीय." तो हसला. "मावशींना पिंजऱ्यातच ठेवलंय की तुम्ही."

तो सहज बोलला. मी चहा टाकायला आत गेलो आणि आधण उकळून निम्मे झाले तरी साखर घातली नव्हती.

निघताना त्याने परीक्षा घेतली. सिंधूचे बटण पाच वेळा दाबले. माझ्या फोनवर तीन वाजल्या.

"बघा, दोन गेल्या भिंतीत. वायर टाका काका. उद्या येतो."

मी म्हटले, फेब्रुवारी जाऊ दे. थंडी आहे, धूळ होईल.

"थंडीचा आणि धुळीचा काय संबंध?" मनोज म्हणाला. बरोबर आहे. काही संबंध नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

भागीबाई आज आपण होऊन म्हणाल्या, "बाबा, तुमी नऊ तारखेला जाऊन या. मी थांबते दिसभर. डबा चालू का बंद, आपल्याला काय करायचं. मी हाय ना."

"तसे नाही हो भागीबाई."

"मग कसं हाय?"

मी घड्याळ पाहिले आणि सिंधूची कूस बदलायला गेलो.

रोहितने फोनवर सरळच विचारले, "बाबा, तुम्हाला जायचंय की नाही?"

"जायचे आहे."

"मग वायर का नको?"

"भिंत तडकेल."

"बाबा, भिंत."

तो एवढेच म्हणाला.

आज लिहूनच टाकतो. मी चांदवडला गेलो, दिवसभर राहिलो, आणि परत येऊन पाहतो तो सिंधू चांगली हसतखेळत आहे, कूस वेळेवर बदललेली, पेज प्यालेली. तर मग मी ही दोन वर्षे काय करत होतो? हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

कविता म्हटली. तिने डोळे मिटले, मग उघडून म्हणाली, "जा." तीनदा. चौथ्यांदा डोळ्यांत पाणी होते. मी जाई, जास्वंद, जायफळ सगळे विचारले. शेवटी तिने डाव्या हाताने उशी ढकलून दिली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झाले त्याची लाज वाटते.

भागीबाई गेल्यावर मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. फोन खिशात, आवाज मोठा. ऊन बरे वाटत होते, शेजारच्या तारेत संक्रांतीचा एक पतंग अजून फडफडत होता, तो पाहत उभा राहिलो. गुरुजींचे तिसरे कडवे ओठांशी येते आहे असे वाटले. किती वेळ गेला कळले नाही.

खाली आलो तर सिंधूचा अंगठा बटणावर दाबलेला, नख पांढरे पडलेले. चादर ओली. तिने किती वेळा दाबले असेल कोण जाणे. माझ्याकडे एकही पोचली नाही. ती काही बोलली नाही. "जा" सुद्धा नाही.

तिला कोरडे केले, चादर बदलली. कंडक्टरला पहिल्या दिवशी शिकवतात: दोरी ओढून भागत नाही, घंटी ड्रायव्हरच्या कानापर्यंत गेली पाहिजे. न पोचणारी घंटी घेऊन गाडी डेपोबाहेर काढायची नसते. आणि मी सतरा दिवस तशी गाडी घरात चालवली, कशासाठी, तर भिंतीला तडा नको.

मनोजला फोन केला. "वायर," मी म्हटले.

"नक्की? नंतर माघार नको."

"नक्की."

५ फेब्रुवारी, बुधवार

सिंधूला खुर्चीत बसवून पुढच्या खोलीत आणले. ती खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिली. दोन वर्षांत तिला या खिडकीशी का बसवले नाही, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. धुळीचे काहीतरी असावे.

ड्रिल विटेत सहज शिरले आणि जाळीला लागल्यावर किंचाळले. मनोज घामाघूम झाला. "काय मजबूत काम केलंय काका." भोक पडले तेव्हा मी वाकून पाहिले. गिलाव्यात तारांची टोके, गंजून काळी पडलेली, आणि पलीकडे सिंधूचा रिकामा पलंग. भिंत तडकली नाही. चहाच्या बशीएवढा गिलावा तेवढा निघाला.

पांढऱ्या पट्टीत दडून वायर त्या भोकातून मागच्या खोलीत गेली. मनोजने वीस वेळा बटण दाबले, फोन वीस वेळा वाजला. चित्र स्वच्छ. सिंधूच्या चादरीवरची फुलेसुद्धा मोजता येतील.

तिला पलंगावर निजवल्यावर तिने स्वतः दाबले. टिंग टिंग.

"दोन्ही पोचल्या," मी आनंदाने म्हटले. "एकही गळली नाही. आहे की नाही पक्के काम?"

तिने मनोजकडे पाहिले. मनोजने माझ्याकडे पाहिले. "जा," ती म्हणाली.

"जातो मावशी," म्हणून मनोजने पिशवी उचलली.

८ फेब्रुवारी, शनिवार

भागीबाई उद्या सकाळी सातला येतील, अंधार पडेपर्यंत थांबतील. कूस बदलायच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावल्या. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाय बाबा, पन छान दिसतंय."

पांढरा शर्ट इस्त्री केला. सिंधूला सकाळपासून किंचित कणकण वाटते आहे असे मला वाटते. ताप पाहिला, नाही. पुन्हा पाहिला, नाही. तिसऱ्यांदा थर्मामीटर काढला तेव्हा तिने तोंडच उघडले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊ. जुन्या स्टँडवर मालेगाव गाडीत बसून लिहितो आहे. अर्धे तिकीट काढले, ज्येष्ठ नागरिक म्हणून. शाळेत असतानाही या मार्गावर अर्धेच काढत होतो. माइकवर कोणी तरुण बोलतो आहे, फार भरभर, गावांना नीट निरोप देत नाही.

फोन मांडीवर आहे. सिंधू दिसते. भागीबाई तिचे केस विंचरत आहेत. दोघी काहीतरी बोलत असाव्यात, कारण भागीबाईंचे खांदे हलत आहेत. अजून उतरता येईल. दार उघडे आहे.

सव्वानऊ. चित्र अडकले. वायर टाकूनही अडकले. मी पिशवी उचलून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काका, स्टँडच्या छताखाली रेंज जाते. सगळ्यांचीच जाते." बसलो. पुन्हा उभा राहिलो. मग चित्र आले. सिंधू कॅमेऱ्याकडे पाहत होती. सरळ माझ्याकडे.

टिंग टिंग.

मी दारापर्यंत पोचलो होतो. तेथूनच भागीबाईंना फोन लावला. "काय झाले? घंटी वाजली. दोनदा."

"काय बी नाय बाबा. पेज प्याल्या, आन दाबलं बटन. हसत्यात."

"मग दोनदा का दाबले? एकदा सांगितले होते."

"मी काय सांगू. दोनच दाबत्यात त्या, पहिल्यापासून."

फोनमध्ये पुन्हा वाजले. टिंग टिंग. मोठा आवाज ठेवला होता, साऱ्या गाडीला ऐकू गेले. माझ्या मागे कंडक्टर दोरीला हात घालून उभा होता. त्याने हात खाली घेतला.

"घ्या काका, डबल बेल तर तुमच्या घरूनच आली," तो म्हणाला. "आता मी कशाला ओढू?" आणि पुढे ड्रायव्हरला ओरडला, "चला हो मास्तर, जाऊ द्या."

गाडी हलली. मी दाराच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिलो. कोणीतरी बाही ओढून मला खाली बसवले.

ओझर गेले. पिंपळगावला गाडी थांबली. खाली कोणी धावत नव्हते, तरी मी खिडकीतून मागे पाहिले.

तिसरे कडवे अजून आठवलेले नाही. चांदवड येईपर्यंत एक काम मात्र झाले. शेवटचे पान काढले. जाई, जायफळ, जांभूळ, जास्वंद, जाऊबाई, जाते, जाळे. एकेकावर रेघ मारली. रेघा सरळ आल्या नाहीत, अक्षरही वाकडे येते आहे. गाडी चालू आहे.